सुभद्रा बाविसाव्या पानावर मरते

४ जानेवारी, शनिवार. अमरावती

आज सुभद्रेला मारलं. दुपारी सव्वाचारला, कॉलेजच्या ग्रंथालयातून आल्यावर, चहाही न घेता.

अकरा वर्षं तिचे संवाद लिहितोय. ‘वीजधर’ या चित्रकथेचे एकोणपन्नास अंक निघाले. पन्नासाव्यात ती जाणार, हे योगेशने दिवाळीतच ठरवलं होतं. योगेश म्हणजे अकोल्याचा आमचा प्रकाशक. जठारपेठेत छापखाना आणि वर कार्यालय. आमची पद्धत अशी की मी एका पानाचं कथासूत्र लिहून देतो, त्यावरून आमची चित्रकार तुबा सगळी पानं काढते, संवादांचे फुगे रिकामे ठेवते, आणि मग मी ते भरतो.

एकोणिसाव्या पानावर शुभम, म्हणजे आमचा वायरमन, डोळ्यांवर पट्टीचा मुखवटा चढवला की वीजधर, बंद तारेवर कामाला चढलेला असतो. विसाव्यावर खलनायक उपकेंद्रात फोन करतो, “वायरमन बोलतोय, काम झालं, लाइन सुरू करा.” सुभद्रा तिथली यंत्रचालक. ती म्हणते “हो, करते” आणि हँडल फिरवते. स्फोट, तारेत वीज जायच्या आधीच. एकविसाव्यावर ती जमिनीवर, हात हँडलकडे लांबवलेला. बाविसाव्यावर वीजधर तिच्याजवळ गुडघे टेकतो. ती म्हणते, “तू कोण आहेस? निदान आता तरी सांग.” तो सांगेपर्यंत ती गेलेली असते.

लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांत इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं. लगेच योगेशला पाठवून दिलं. मुदतीच्या दहा दिवस आधी.

एकच खटकलं. तुबाने सुभद्रेचे फुगे फार मोठे काढलेत. मरणाऱ्या बाईच्या तोंडी चार शब्द. त्यांच्याभोवती रिकामं मैदान. मागच्या तीन अंकांत हेच झालं. तिला फोन करून सांगितलं. “बरं सर,” एवढंच म्हणाली.

९ जानेवारी

योगेशचा फोन. “सर, म्या लई रडलो ना! बायकोले वाचून दाखवलं, थेही रडली.” मुखपृष्ठ छापूनही झालं. रंगीत असल्यामुळे ते आधी छापतात, पाच हजार. फोटो पाठवला. वीजधर पुढे चालतोय, त्याच्या दोन्ही हातांवर सुभद्रा, मान मागे पडलेली, वेणी लोंबते आहे. मागे ज्वाळा. चित्र तुबाचं, फार देखणं. वर माझं आणि योगेशचं नाव. तुबाचं नेहमीप्रमाणे शेवटच्या पानावर, तळाशी.

१२ जानेवारी, रविवार

वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा आला. एक पत्र इथे उतरवून ठेवतो, कारण सकाळपासून दुसरं काही सुचत नाही.

“सर, मी नांदगाव पेठच्या वीज उपकेंद्रात यंत्रचालक आहे. माझी भाची तुमचा अंक वाचते म्हणून मीपण वाचते. आमच्याकडे कोणीही वायरमन खांबावर चढायच्या आधी माझ्याकडून परमिट घेतो, मी लाइन बंद करते. काम झालं की ज्यानं घेतलं त्यानंच परत द्यायचं. बहुतेक वेळा फोनवर. आवाज ओळखल्याशिवाय मी लाइन सुरू करत नाही. माझ्याकडं अकरा वायरमन आहेत. त्यातला कोणी सर्दी झालेल्या आवाजात बोलला तरी मी ओळखते. ओळखलं नाही तर माणूस मरतो. तुमची सुभद्रा अकरा वर्षं शुभमचा आवाज फोनवर ऐकते आणि डोळ्यांवर पट्टी बांधून तोच माणूस समोर बोलला की तिला कळत नाही. अशी बाई आमच्याकडं एक दिवस टिकणार नाही. तुम्ही कधी उपकेंद्र पाहिलं आहे का? रूपाली.”

नाही. पाहिलेलं नाही.

१३ जानेवारी

उत्तर लिहिलं. “काल्पनिक साहित्यात वाचकाला काही गोष्टी गृहीत धराव्या लागतात,” वगैरे. वाचून पाहिलं. फाडलं. माझ्या डोक्यात आवाजाचा प्रश्न नव्हताच. विसावं पान होतं. अनोळखी आवाजावर ती “हो, करते” म्हणते. म्हणजे ज्या चुकीपायी ती या कामात एक दिवस टिकली नसती, तीच चूक तिच्या हातून घडवून मी तिला मारली आहे. आणि रूपालीने तो अंक अजून वाचलेलाही नाही.

१८ जानेवारी, शनिवार

नांदगाव पेठला जाऊन आलो. कापडाच्या कारखान्यांच्या मागे उपकेंद्र. एक खोली, कपाटांसारखी पॅनेल, टेबलावर फोन आणि जाड रजिस्टर. रूपाली पस्तिशीची असेल. मी अवघडून उभा. तिने खुर्ची ओढून दिली.

“या, बसा. तुमच्या सुभद्रेच्या खोलीत लई बटनं दाखवता तुमी. इकडं त इतकीच.”

तेवढ्यात फोन वाजला. तिने उचलला, ऐकलं. “कोन?” पुन्हा ऐकलं. “गजूभाऊले द्या फोन. नाई, तुमी नाई सांगायचं. परमिट त्याच्या नावावर हाये.” पलीकडून कोणी चिडून काहीतरी बोललं. “साहेब असान त असा. खाली उतरला का थो? मंग त्याच्याच तोंडून ऐकीन.” फोन ठेवला. सात-आठ मिनिटं गेली. पुन्हा फोन. “हां गजूभाऊ. सगळे उतरले? मोजले? बरं.” रजिस्टरात वेळ लिहिली, मग हँडल फिरवलं.

मी विचारलं, “पलीकडे साहेब होते?”

“व्हते. मेमो देईन म्हने. द्या म्हनलं.”

मग माझ्याकडे पाहून हसली. “सुभद्रा असती त म्हनली असती, वाचवा!”

मी पन्नासाव्या अंकाचं सांगून टाकलं. लपवणं बरं वाटेना. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, “काहून मारून राहिले तिले?”

“वीजधरला राग यावा म्हणून. पुढच्या अंकांसाठी.”

“म्हंजे त्याचा फ्यूज उडवाले तिचा जीव.” रजिस्टर बंद केलं. “बाप्पा! मेल्यावरबी कामाले लावलं बाईले.”

१९ जानेवारी

सगळे अंक काढून बसलो. सुभद्रा एकोणपन्नासपैकी एकतीस अंकांत कुणाच्या तरी तावडीत सापडते. सातव्या अंकात तिला विहिरीत टांगलंय आणि ती जेवणाच्या डब्याची काळजी करतेय. हे मला तेव्हा विनोदी वाटलं होतं. विसाव्या अंकानंतर तिने एकही निर्णय घेतलेला नाही. तिचं आडनाव मी कधी ठरवलंच नाही. शुभमचं गाव, शाळा, मास्तर, कुत्रा, सगळं ठरलेलं आहे.

आणि प्रेम! ती वीजधरवर भाळते आणि शुभमला रोज भाजी देते. दोघं एकच, हे पाचवीतल्या पोरांना माहीत, तिला नाही. मीच तिला मूर्ख ठेवलं. कारण ओळखलं तर गोष्ट संपते, लग्न लावलं तरी संपते. मग उरतं काय? तावडीत सापडणं आणि मरण. हे योगेशने मला सांगितलं नव्हतं. कुणीच नाही. मला आपोआपच येत होतं, हे जास्त वाईट.

२१ जानेवारी

ठरवलं. सुभद्रा मरणार नाही. वीजधर वेळेवर पोहोचेल, स्फोटाच्या आधी तिला उचलून बाहेर आणेल. कॉलेज सुटल्यावर तडक तुबाकडे गेलो. तिच्या मामांचं, अब्दुल रहीम यांचं, पाट्या रंगवायचं दुकान आहे. मागच्या खोलीत ती चित्रं काढते. मला वाटलं ती खूश होईल. सव्वीस वर्षांची मुलगी, तिच्या हातून बाई मारून घेतली होती मी.

तिने ऐकून घेतलं, ब्रश धुतला, आणि म्हणाली, “सर, बुरा मत मानो. पन पुन्हा वाचवूनच राहिले का तुमी तिले?”

“म्हणजे? मरू देऊ?”

“मी कुठं म्हनलं! आतापर्यंत वीजधर वाचवत व्हता. आता वीजधर आनि तुमी, दोघं मिळून वाचवून राहिले. तिच्या खोलीत, तिच्या हँडलजवळ. तिले काही करता येते का नाई?”

मामा बाहेरून ओरडले, “तुबा, सर को चाय पूछी क्या?”

“सर को मिर्ची लगी है मामू, पानी देती!”

हसलो, पण वाटेत हसू टिकलं नाही. मी सत्तेचाळीस वर्षांचा झालो आहे आणि आज दुपारी सायकलस्टँडपासून तिच्या दुकानापर्यंत चालताना मला चक्क पराक्रमी वाटत होतं. तो भाव मी ओळखतो. तोच वीजधरच्या तोंडावर दर अंकाच्या शेवटच्या चौकटीत असतो.

२६ जानेवारी, रविवार

पाच दिवस काही लिहिलं नाही. आज झेंडावंदनाहून आलो आणि बसलो. चित्रं बदलायला वेळ नाही. तुबाला चार पानं पुन्हा काढायला तीन आठवडे लागतील. म्हणून तीच चित्रं समोर ठेवली आणि फक्त फुगे पुसले.

विसावं पान. सुभद्रा फोनवर, हात हँडलवर. “हा आवाज शुभमचा नाही. परमिट त्याच्या नावावर आहे. लाइन मिळणार नाही.” चित्रातला तोच हात, आता हँडल फिरवत नाही, धरून ठेवतो आहे! स्फोट खलनायक चिडून करतो. एकविसावं: जमिनीवर ती, हात लांबवलेला. “हँडल खालीच राहिलं पाहिजे, लाइन बंद. शुभम अजून तारेवर आहे.” ती धुराखालून सरपटत जाते आहे. तुबाने तिचा कोपर जमिनीवर असा रोवलाय की हे वाचल्यावर चित्राचा दुसरा अर्थच लागत नाही.

बाविसावं. वीजधर गुडघे टेकून. “शुभम, उतरलास का? मग तुझ्या तोंडानं सांग, काम झालं म्हणून.” “तुला... माहीत होतं?” “अकरा वर्षं रोज फोनवर तूच बोलतोस. डोळ्यांना पट्टी बांधल्यानं आवाज बदलतो होय रे? तू स्वतःहून सांगशील म्हणून थांबले होते. आता कंटाळले.” शेवटच्या चौकटीत तिचे डोळे मिटलेले आहेत आणि तो आकाशाकडे पाहून किंचाळतोय. तिथे ती म्हणते, “ओरडू नकोस. धुरानं डोळे झोंबतात म्हणून मिटलेत. पाणी आण.”

सगळे शब्द बसले. त्या अवाढव्य फुग्यांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. कधीकधी दुसऱ्याचा निष्काळजीपणाही कामी येतो.

तुबाला वाचून दाखवलं. तिने पानं ओढून घेतली, फुग्यांवर बोट फिरवलं. मग म्हणाली, “बसलं ना सर, बराबर?” आणि हसायला लागली, थांबेचना. तिला पाण्याचा संवाद आवडला असावा.

२९ जानेवारी, बुधवार. अकोला

रजा टाकून आलो. योगेशने नाश्ता मागवला, नवे संवाद वाचले, कागद टेबलावर ठेवला.

“मस्त हाये सर. पुढच्या एखाद्या स्पेशल अंकात घेऊ.”

“याच अंकात.”

“कव्हर छापलं ना भाऊ! कव्हरवर बाई मेली, आतमंदी बाई पानी मागून राहिली. लोक जोड्यानं मारतीन मले.”

“कव्हरवर ती मेली असं कुठं लिहिलंय?”

“सर, तुमी काहून असं करून राहिले? बाई मेल्याशिवाय याले राग कसा येईन? राग आल्याशिवाय एक्कावन्नावा अंक कसा निघीन?”

“राग यायला त्याचं स्वतःचं काही जळू दे ना.”

“त्याचं काय जाळू? त्याचं हाये काय? आई-बाप तुमीच पयल्या अंकात मारले.”

खरं आहे. मीच मारले. योगेश वाईट माणूस नाही. खाली यंत्र चालू होतं, टेबल थरथरत होतं. तो म्हणाला, “मले तुमचे जुनेच संवाद पायजे. माझ्यापाशी हायेत. तुमीच धाडले, मुदतीच्या दहा दिस आधी. इतके भारी की बायको रडली.”

“मी परत मागतो.”

“छापाले गेले सर.”

मी म्हणालो, मग माझं नाव काढ. तो म्हणाला, कव्हरवर हाये.

एसटीत बोरगाव मंजूपर्यंत खिडकीला डोकं लावून बसलो. ते संवाद वाईट असते तर त्याने टाकून दिले असते. माझ्या सगळ्यात चांगल्या चार ओळींनीच तिचा घात केला.

२ फेब्रुवारी

शंका. एक: कथानायिका कागदाची आहे, माझा एवढा जीव का खालीवर होतो? रूपालीसमोर लाज वाटली म्हणून? तसं असेल तर हे सुभद्रेसाठी नाही, माझ्या अब्रूसाठी आहे. दोन: अंक योगेशचा आहे, पात्राचा हक्क कागदोपत्री त्याचा आहे. तीन: तुबाचं पोट त्याच्या कामावर आहे, माझं नाही. मी भांडून मोकळा होईन.

पहिल्याचं उत्तर: असेलही. तरी रूपालीच्या भाचीच्या हातात तो अंक पडणारच आहे. दुसऱ्याचं: हक्क त्याचा असेल, शब्द माझे आहेत, आणि ते चुकीचे आहेत. तिसऱ्याचं: तुबाला विचारलं तर म्हणाली, “माझं मी पाहीन सर. मले बी वाचवता का?”

६ फेब्रुवारी

अंक आला. बाविसावं पान उघडलं. “तू कोण आहेस? निदान आता तरी सांग.” छपाई उत्तम.

८ फेब्रुवारी, शनिवार

तुबाने बोलावलं होतं. टेबलावर पांढऱ्या चिकट कागदाचे तक्ते पसरलेले. तिने प्रत्येक फुग्याच्या नेमक्या मापाचं लेबल केलंय, माझे नवे संवाद त्यात छापलेत. खालचा फुगा पूर्ण झाकला जातो, चित्राची एक रेघही बुजत नाही. पाट्यांच्या धंद्यात चूक झाली तर असंच करतात म्हणे, सगळी पाटी कोण पुन्हा रंगवेल. मोजली तर एका अंकाला नऊ लेबलं. “सोळा तारखेला तुमी सह्या करनार ना? मंग सहीच्या जागी हे द्या.”

रविवारी सोळाला इथल्या पुस्तक प्रदर्शनात अंकाचं प्रकाशन आहे, योगेश स्वतः येणार आहे.

मी म्हटलं, नऊ नको, दहा हवीत. मुखपृष्ठासाठी एक. तिथे फुगाच नाही, पण चिकटवायला कोण अडवतं? वाक्य मी तिथेच लिहून दिलं. तुबाने ते वाचून कात्री खाली ठेवली आणि मला टाळी दिली. ती अजून काही बोलणार होती, लेबलांच्या तक्त्याच्या तळाशी रिकाम्या पट्टीवर बोट ठेवून. पण मला उशीर होत होता. त्या पट्टीवर ‘मजकूर’ म्हणून माझं नाव टाक असं सांगून निघालो. जबाबदारी स्पष्ट असावी.

१६ फेब्रुवारी, रविवार

सविस्तर लिहितो.

अकराला माइक हातात दिला. मी म्हणालो, “या अंकातले सुभद्रेचे शेवटचे संवाद माझे आहेत. ते लिहिताना मी रडलो होतो. तरी ते चुकीचे आहेत. ही बाई अनोळखी आवाजावर लाइन सुरू करणार नाही. नायकाला राग यावा म्हणून मी तिला तिच्याच कामात अडाणी ठरवून मारली. दुरुस्ती टेबलावर ठेवली आहे, ज्याला हवी त्याने घ्यावी.” कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांना कळेना की हा कार्यक्रमाचा भाग आहे का.

पहिली पुढे आली ती रूपाली, ड्यूटी संपवून थेट. सोबत भाची. दोघींनी टेबलाशी उभं राहून नऊ लेबलं चिकटवली. भाचीने बाविसावं पान मोठ्याने वाचलं, “पाणी आण”ला ती एवढ्याने हसली की मागची मुलं रांग मोडून पुढे आली. मग गर्दीच झाली. तुबा मापं दाखवत होती, “सीधा लगाओ, बुडबुडा नाई आला पायजे.” एक गृहस्थ म्हणाले, “मला मेलेलीच हवी, नाहीतर तो चिडणार कसा?” मी म्हटलं, तुमच्या अंकाला हात लावत नाही. त्यांच्या मुलीने मागून हात घालून लेबलं घेतली.

योगेश धावत आला. “सर, हे काय लावून राहिले! माझा माल हाये थो!”

“विकत घेतलेल्या अंकालाच लावतोय. तुझ्या गठ्ठ्याला हात नाही.”

“कॅरेक्टर माझं हाये. नोटीस धाडीन.”

“धाड. त्यात लिही, मारली कुणी ते. मीच मारली होती. माझेच शब्द मी खोडतोय.”

“एक्कावन्नावा दुसऱ्याले देईन लिहाले!”

“दे. त्याला आधी नांदगाव पेठला पाठव.”

मग तो तुबाकडे वळला. “आनि तू? तुले काम पायजे का नाई?”

तुबा लेबल सोलत होती. “पायजे. नाव कव्हरवर टाकसान त काढीन.” योगेशने माझ्याकडे पाहिलं. असं काही ती मागेल हे मला कधी सुचलं नव्हतं. तिने अकरा वर्षांतल्या सहा वर्षांची चित्रं काढली आहेत. मी लेबलाच्या तक्त्याच्या तळाशी पाहिलं. तिथे माझं नाव होतं. आत काहीतरी लागलं, पण तेव्हा रांग होती, विचार करायला उसंत नव्हती. करायला हवा.

योगेशने रागाने एक अंक उचलला, बाविसावं पान काढलं, वाचलं. पुन्हा वाचलं. अंक आपटून ठेवला, पण गेला नाही. शेजारच्या खुर्चीवर घाम पुसत बसून राहिला. पुढे ठेवलेले अंक संपत होते, दोन वाजता त्याने स्वतःच नवा गठ्ठा सोडला. मी उद्यापासून ‘वीजधर’चा लेखक नाही, हे नक्की. निघताना तसं सांगून गेला, डोळ्यांत न पाहता.

मला वाईट वाटतंय का? हो. अकरा वर्षं आहेत. पण पुन्हा असाच प्रसंग आला तर मी हेच करीन, फक्त ते चार ओळींचं मरण इतक्या घाईने पाठवणार नाही.

सगळ्यात आधी संपलं ते दहावं लेबल. दुपारपर्यंत प्रदर्शनाच्या मैदानावर जिकडेतिकडे मुलांच्या काखेत तेच मुखपृष्ठ: ज्वाळा, वीजधर, त्याच्या हातांवर मान टाकलेली सुभद्रा, आणि तिच्या तोंडाजवळ पांढरा फुगा, “खाली ठेव मला. रजिस्टरात वेळ लिहायची राहिली आहे.”